निजसुऱ्यांचं उघडं इंजिन

निजसुरे बोलताना उजवा हात पँटच्या खिशात ठेवत. जिना चढताना, साहेबांच्या केबिनमध्ये, कँटीनच्या रांगेत, कुठेही. पंधरा ऑगस्टला कारखान्याच्या फाटकापाशी झेंडावंदन असे. आम्ही सगळे सावधान आणि यांचा हात आपला खिशात. आमच्या ड्रॉइंग ऑफिसात त्याला सर्रास ऐट म्हटलं जाई. माणूस सदाशिव पेठेतला, जिभेला धार, कपड्यांना कडक इस्त्री, तेव्हा ऐट म्हणून मोकळं होणं सोपं होतं. मीही म्हणत असे.

मी नोकरीला लागले तेव्हा मात्र तो हात खिशात नव्हता, बोर्डावर होता. यंत्रांच्या सुट्या भागांची चित्रं शाईने काढायची, हे आमच्या खात्याचं काम, आणि निजसुरे खात्याचे मुख्य ड्राफ्ट्समन. त्यांची रेघ बघायला दुसऱ्या खात्यांतले लोक मुद्दाम येत. सुरुवातीला जेवढी जाड तेवढीच शेवटाला. आकडे तर असे काढत की छापलेत की काय, म्हणून माणूस बोट फिरवून बघे. मी विश्रांतवाडीहून मोपेडवर येणारी, डिप्लोमा नुकताच पदरात पडलेली मुलगी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या चित्रावर पेन्सिलीचं टोक ठेवलं आणि विचारलं, "हे भोक कुठे आहे?"

"साधारण मध्यावर," मी म्हणाले.

"साधारण म्हणजे किती?"

मी पट्टी शोधू लागले.

"अहो गायकवाड, साधारण हा शब्द मंडईसाठी ठेवा. मेथीची जुडी साधारण मोठी बघून द्या, असं म्हणता येतं. इथे म्हणालात तर कुणाच्या तरी यंत्रात ते भोक साधारणच पडेल."

त्या दिवशी घरी जाऊन मी आईपुढे त्यांची हुबेहूब नक्कल केली, हात नाचवून, मान तिरकी करून. आई पोट धरून हसली. मग म्हणाली, "पण चुकलं होतं का तुझं?" चुकलं होतंच. पुढची काही वर्षं मी त्यांच्या शेजारच्या बोर्डावर काढली आणि आज मला जी काही रेघ येते ती तिथली आहे.

हळूहळू ते स्वतः चित्रं काढेनासे झाले. दुसऱ्यांची तपासत. आम्हाला वाटलं, वय झालं, वरची जागा मिळाली, आता कशाला शाईत हात घालतील. त्याच सुमारास हात खिशात गेला असणार. पण अशा गोष्टी घडत असताना कुणी बघत नाही.

मग देशाची दारं उघडली म्हणतात ती उघडली. आमच्या कारखान्याने एका परदेशी कंपनीशी करार केला, लाकडी बोर्ड भंगारात निघाले आणि त्यांच्या जागी संगणक आले. टाय लावलेला एक तरुण शिकवायला आला. आम्ही सगळे नव्या नवरीसारखे अंग चोरून त्या पडद्यांपुढे बसलो. निजसुरे मागे उभे राहिले. तो तरुण अदबीने म्हणाला, "सर, माऊस हातात धरून तर बघा. सोपं असतं."

"मी उंदीर धरत नाही," निजसुरे म्हणाले. "त्यासाठी आमच्याकडे पिंजरा आहे."

सगळं ऑफिस हसलं. पुढे स्वेच्छानिवृत्तीची योजना आली तेव्हा पहिलं नाव त्यांचं होतं. त्यावर महिनाभर चर्चा झाली. जुनी खोडं अशीच, मोडतील पण वाकणार नाहीत, असं साहेब म्हणाले. निरोपाच्या समारंभात शाल आणि नारळ दिला. नारळ त्यांनी डाव्या हाताने घेतला, ते मात्र अनेकांना खटकलं.

त्यांची चित्रकलेची पेटी टेबलाच्या खणात राहून गेली होती. कंपास, शाईचे पेन, सगळं जर्मन, मखमलीत बसवलेलं. ती द्यायला म्हणून मी एका रविवारी सदाशिव पेठेत गेले. गल्लीत पूर्वी शिवणाचे क्लास असत, तिथे आता दर दोन इमारतींमागे संगणकाच्या क्लासची पाटी होती. त्यांच्या इमारतीच्या तळमजल्यावरसुद्धा एक होता. जिन्याखाली एका मोटरसायकलचा नुसता सांगाडा उभा होता, पोटात काहीच नसलेला. वर जाऊन बेल वाजवली. दार त्यांनीच उघडलं आणि बेसावध होते म्हणून उजव्या हाताने उघडलं.

तो हात थरथरत होता. थोडासा नव्हे. अंगठा आणि बोटं एकमेकांवर अशी फिरत होती की जणू काही ते न दिसणारी विडी वळताहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, आणि तो खिशात घालण्याचा विचार सोडून दिला.

"बघितलंत ना? मग आता आत या," ते म्हणाले.

आत त्यांच्या पत्नीने, उषावहिनींनी, चहा आणला. निजसुऱ्यांचा कप अर्धाच भरलेला होता. का ते मला लगेच कळलं. कंपवात आहे, ते म्हणाले. दोनेक वर्षं झाली. ऑफिसात कुणाला ठाऊक नाही.

"म्हणजे संगणकामुळे तुम्ही..."

"संगणकाचे उपकार झाले, गायकवाड. अगदी वेळेवर आले. नाहीतर जायला मी कारण काय सांगितलं असतं? रेघ येत नाही म्हणून?"

मला त्यांच्याकडे बघवेना. मी गॅलरीकडे पाहिलं. तिथे एका जुन्या टेबलावर वर्तमानपत्रं अंथरली होती आणि त्यावर ओळीने लोखंड मांडलेलं होतं: चाकं, दांडे, स्प्रिंगा, चकत्या. खालच्या सांगाड्याचं पोट इथे होतं.

ती गाडी त्यांनी तरुणपणी घेतलेली, इंग्लंडमध्ये बनलेली, घेतली तेव्हाच म्हातारी. लग्नानंतर वहिनींना मागे बसवून ते सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत गेले होते आणि येताना दोघांनी ती ढकलत आणली होती. पुढे धूर फार सोडते म्हणून एका दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी इंजिन खोललं. सुट्टी संपली, बढती झाली, कामं वाढली आणि इंजिन उघडं राहिलं ते राहिलंच. आता त्यांना ते बंद करायचं होतं.

"उघडलं मी. बंदही मीच करणार," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, गोळीवर काही वर्षं बरी जातील. किती, विचारलं. तर साधारण सांगतात. आता काय बोलायचं त्यांना?"

त्यांना हवं होतं ते एवढंच. हात पुरता जायच्या आत त्या हाताने एक काम पुरं करायचं, आणि ते इंजिन पुन्हा चालू झालेलं ऐकायचं. त्यानंतर मी बहुतेक रविवारी तिथे जाऊ लागले. नियम पहिल्याच दिवशी सांगण्यात आला: "धरायचं तुम्ही. फिरवायचं मी."

गोळी घेतली की काही वेळाने हात शांत होई. वहिनी त्याला गोळीचा तास म्हणत. तो तासभर टिके, मग आधी करंगळी हलायला लागे आणि काम थांबे. म्हणून सगळी तयारी तासाच्या आधी करायची, गप्पा तासानंतर. त्या तासात कुणी बेल वाजवली तर दार उघडायचं नाही. एकदा वहिनींचा सख्खा भाऊ बेल वाजवून वाजवून परत गेला. वहिनी दाराआड उभ्या राहून त्याच्या पायऱ्या उतरण्याचा आवाज ऐकत होत्या.

हत्यारं विकत मिळण्यातली नव्हती. त्या इंग्लिश नटांना आपले मिलिमीटरचे पाने बसत नाहीत. एक सैल पडतो, त्याच्या खालच्या मापाचा शिरतच नाही. जुन्या बाजारातून गंजके पाने आणून मी धरायचे आणि ते कानशीने त्यांची तोंडं वाढवायचे. इंजिनाच्या झडपेची स्प्रिंग दाबण्यासाठी त्यांनी फळ्या आवळून धरायची सुताराची शिकंजी घेतली आणि नळाच्या तुकड्याला खिडकी कापून तिच्या तोंडाला बसवली. दट्ट्याच्या कड्या आवळून तो सिलिंडरमध्ये सरकवायला तुपाच्या डब्याचा पत्रा कापला. दोन भागांमधली फट मोजायला दाढीचं पातं. "पातं म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. रोज गालावरून फिरवतो आपण, पण कुणी मोजत नाही," ते म्हणाले. बेअरिंग बसवण्याआधी इंजिनाची पेटी तापवावी लागते, ती त्यांनी पोळ्यांच्या तव्यावर तापवली. आठवडाभर त्या घरातल्या पोळ्यांना ग्रीसचा वास येत होता आणि वहिनी त्या मुकाट्याने वाढत होत्या.

झडप तिच्या बैठकीवर घासून बसवावी लागते, नाहीतर हवा गळते. त्यासाठी एक काठी तळहातांत धरून पुढेमागे फिरवायची असते. त्यांनी घरातली ताक घुसळायची रवी घेतली, तिचं डोकं कापलं आणि तिथे रबराची वाटी चिकटवली. मग गॅलरीत मांडी घालून ते झडप घुसळत बसले. वहिनी स्वयंपाकघरातून बघत होत्या. न राहवून म्हणाल्या, "अहो, असं नाही. मनगट सैल सोडा. मी दाखवू का?"

"लोणी काढायचं नाहीये, उषा."

त्या आत निघून गेल्या. पण मी पाहिलं, थोड्या वेळाने निजसुऱ्यांनी मनगट सैल सोडलं होतं.

गाडीच्या हत्यारांपेक्षा हाताची हत्यारं त्यांना जास्त करावी लागली. स्क्रू फिरवायच्या पेचकसावर त्यांनी लाटणं बसवलं, मोठी मूठ धरवत असे म्हणून. मनगटाला वाळूची पिशवी बांधली, वजनाने थरथर दबते म्हणून. कोपर टेकायला फळी. मग वहिनींच्या जुन्या नऊवारीच्या पट्टीने हात फळीलाच बांधू लागले. दर वेळी नवी युक्ती काही दिवस चाले, आणि मग हात तिला ओळखून असल्यासारखा पुन्हा सुटे. गोळीचा तास पाऊण तासावर आला होता, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

एका रविवारी मी गेले तर दार उघडंच होतं आणि वहिनींचा आवाज येत होता, "सोडवा, सोडवा ना हो." टेबलाला लोखंडाचा व्हाइस घट्ट बसवलेला होता, कानस मारताना वस्तू जबड्यात आवळून धरायचा. त्यात निजसुऱ्यांनी स्वतःचं उजवं मनगट घातलं होतं. जबड्यांना चपलेचं रबर लावलं होतं आणि डाव्या हाताने ते दांडा फिरवून आवळत होते. बोटं पांढरी पडली होती. आणि तरी हलत होती.

मी धावत जाऊन दांडा उलटा फिरवला. ते माझ्यावर ओरडले नाहीत. जणू आम्ही ऑफिसातच आहोत अशा आवाजात म्हणाले, "काम करायची वस्तू आधी पकडून ठेवावी लागते, गायकवाड. हे तुम्हाला शिकवलं नव्हतं का मी?"

मग हात सुटल्यावर त्यांनी तो मांडीवर घेतला आणि मान खाली घातली. वहिनी बर्फ आणायला गेल्या. मला त्या वेळी कुणाचा एवढा राग आला होता, ते आजही सांगता येत नाही. डॉक्टरांचा नव्हता, त्यांचाही नव्हता. बहुधा त्या बोटांचाच होता.

तरीही काम पुढे गेलं. इंजिनाची पेटी बंद झाली, दट्ट्या बसला, सिलिंडर चढला. उरलं होतं ते वेळ साधणारं दातांच्या चाकांचं जोडकाम आणि वरचं झडपांचं डोकं. चाकं कुठल्या दातात कुठला दात घालून बसवायची, यावर इंजिनाचं सगळं श्वास घेणं अवलंबून असतं. कारखान्याच्या मूळ खुणा जुळत नव्हत्या, कारण आधीच्या कुणा मालकाने एक चाक बदललं होतं. म्हणून खोलताना निजसुऱ्यांनी स्वतः पांढऱ्या ऑइलपेंटचे बारीक ठिपके दिले होते. चकत्याही वेगवेगळ्या जाडीच्या. त्या निघाल्या त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडलेल्या होत्या.

दसरा आला. आमच्याकडे त्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन. मी आईबरोबर सकाळपासून विहारात होते. दुसऱ्या दिवशी दुपारी सदाशिव पेठेत गेले तेव्हा वहिनींनीच दार उघडलं. डोळे सुजलेले. गॅलरीतल्या टेबलावर पाट मांडला होता, पाटाभोवती रांगोळी, आणि पाटावर लख्ख चमकणारं इंजिन. एकेका भागाला हळदीकुंकू. चाकं मोठ्यापासून लहानापर्यंत गोलात लावलेली, चकत्यांचं मध्ये फूल केलेलं, आणि वर झेंडू.

खंडेनवमीला वहिनी दर वर्षी घरातली विळी, सुरी, कात्री, शिवणयंत्र पूजेला लावत. या वर्षी निजसुरे सकाळी डॉक्टरांकडे गेले असताना त्यांनी मनाशी ठरवून सुटा उरलेला एकेक भाग रॉकेलमध्ये बुडवून, तारेच्या घासणीने घासून, पुसून काढला होता. देवापुढे ठेवायची वस्तू कशी काळी ठेवायची? घरातलं तांब्यापितळ जसं करत तसं त्यांनी ते लोखंड केलं. ठिपकेही घासून काढले. त्यांना तो उडालेला रंग वाटला.

"मला वाटलं, एकदा त्याच्यापुढे ठेवावं," त्या मला म्हणाल्या. "औषधं झाली, व्यायाम झाला. हेच तेवढं राहिलं होतं."

निजसुरे परत आले तेव्हा म्हणे दारातच थांबले. मग पुढे होऊन एक चाक उचललं, उजेडात फिरवून बघितलं आणि म्हणाले, "उत्तम. आता कुठला दात कुठल्या दाताचा, ते देवालाच ठाऊक. विचारून सांग मला."

एवढंच. पण त्या दिवसापासून वहिनी गॅलरीत पाऊल ठेवेनाशा झाल्या. मला ते टोचून बोलणं आवडलं नाही आणि मी तसं म्हणाले. "ते ठिपके बघितले होते का तुम्ही?" त्यांनी विचारलं. "गोल होते. माझ्या चांगल्या हाताचं घरात काही गोल उरलं असेल तर ते."

चकत्यांचा क्रम जाडी मोजून लावता आला, पण दात नव्याने शोधायचे होते. त्याला एक तबकडी लागते, तीनशे साठ अंशांच्या रेघा पाडलेली. ती इंजिनाच्या मुख्य दांड्यावर बसवायची आणि दांडा फिरवत कुठल्या अंशाला कुठली झडप उघडायला हवी ते जुळवायचं. अंशांचे आकडे त्यांच्याकडच्या एका जुन्या झेरॉक्सवर होते. तबकडी नव्हती. त्यांनी मी आणून दिलेली जर्मन पेटी बाहेर काढली, बोर्डावर कागद ताणला, आणि गोळीच्या तासात बसले.

वर्तुळ निघालं. फार वाईट नव्हतं. मग रेघा. पाचव्या-सहाव्या रेघेला पेन सरकलं, पुढच्या रेघेला कागदात रुतलं आणि शाईचा डाग पसरला. त्यांनी दुसरा कागद घेतला. मग तिसरा. मी "मी काढते" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटच्या कागदावर कंपासाचं टोक जागचं सुटून कागद टरकन फाटला, तेव्हा त्यांनी कंपास पुसला, मखमलीत ठेवला आणि पेटी बंद केली.

"तुमच्या त्या यंत्राला किती वेळ लागेल?"

"काढायला पाच मिनिटं," मी म्हणाले. "छापायला दोन."

ते हसले. मी तसं हसणं पुन्हा कधी ऐकलेलं नाही, आणि ऐकायची इच्छाही नाही. "आणा," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी मी ऑफिसच्या प्लॉटरवर छापलेली तबकडी घेऊन गेले. त्यांनी भिंग लावलं आणि एकेक रेघ तपासायला घेतली. गोळीची वेळ सुरू झाली होती. मी म्हणाले, "साहेब, तास चाललाय."

"चुकी सापडत नाहीये हो," ते म्हणाले. मग भिंग खाली ठेवून, "शाई मात्र जरा जास्त सोडतं."

त्या तबकडीवर दात जुळले. वरचं डोकं तेवढं राहिलं. त्यातलं शेवटचं काम सगळ्यांत बारीक. झडपेची स्प्रिंग शिकंजीने दाबून धरायची आणि तिच्या पोटात, झडपेच्या दांड्याला, शेंगदाण्याच्या पाकळीएवढ्या दोन पाचरी बसवायच्या. त्या नीट बसल्या तर स्प्रिंग सोडल्यावर सगळं जागच्या जागी आवळलं जातं. जराशी तिरकी बसली तर स्प्रिंग पाचर भिरकावून देते. दोन झडपा, चार पाचरी.

तोवर गोळीचा तास अर्ध्यावर आला होता आणि कधीकधी गोळी लागूच पडत नसे. त्या रविवारी लागली नाही. त्यांनी वाट पाहिली, वाळू बांधली, हात फळीला आवळला. पहिली पाचर चिमट्यातून सुटली. दुसऱ्यांदा ती जागेपर्यंत पोचली, स्प्रिंग सुटली आणि पाचर उडून स्वयंपाकघरात गेली. मी ओट्याखाली लोळण घेऊन ती शोधली. पुन्हा तेच. चौथ्यांदा की पाचव्यांदा, आठवत नाही, ते थांबले. हात फळीला बांधलेला, कपाळावर घाम, आणि तो हात एकटाच हलतोय.

"राहू दे," ते म्हणाले. "उघडंच राहू दे. मी बंद केलं नाही तर ते कुणी करू नये. भंगारवाल्याला बोलवा."

मी पाचर हातात घेऊन तशीच उभी राहिले. मी बसवू का, असं विचारायची माझी छाती नव्हती. तेवढ्यात गॅलरीच्या उंबऱ्याशी वहिनी आल्या. दसऱ्यानंतर पहिल्यांदाच.

"मी बघू?" त्या म्हणाल्या.

निजसुरे नाही म्हणाले नाहीत. वहिनी आत आल्या, खाली बसल्या, पाचर माझ्याकडून घेतली आणि इकडेतिकडे बघून अंबाड्यातला आकडा काढला. आकड्याच्या टोकाला ग्रीसचा ठिपका लावला, त्यावर पाचर अलगद चिकटवली. निजसुरे पुढे वाकले.

"हे मला का नाही सुचलं?"

"तुम्हाला अंबाडा कुठाय," वहिनी म्हणाल्या. "सांगा आता. कुठे घालू?"

"डावीकडून. खाली. अजून. रुंद बाजू वर हवी, उलटी धरली आहेस तू. हां. आता तिला तिथेच टेकव आणि आकडा सरकव बाजूला. सावकाश." त्यांचा आवाज मला ओळखीचा होता. बोर्डाशेजारी उभे राहून ते मला असेच सांगत. "हात तुझा, डोळा माझा. घाबरू नकोस."

चारही पाचरी वहिनींनी बसवल्या. स्प्रिंग मी सोडली. काही उडालं नाही. निजसुऱ्यांनी डाव्या हाताने बांधलेल्या हाताची गाठ सोडवली आणि बंद झालेल्या डोक्यावरून तळवा फिरवला. म्हणाले, "झालं." त्यांचे डोळे भरले होते आणि ते आनंदाने भरले होते असं मी म्हणणार नाही. त्यांना हवं होतं तसं झालं नव्हतं. दुसऱ्याच्या हाताने झालं होतं. तेवढं मान्य करायला त्यांना किती जड गेलं असेल, ते वहिनींना ठाऊक. कारण त्याच वेळी त्यांनी त्या तेलकट हाताने वहिनींचा हात धरला होता आणि सोडत नव्हते.

निजसुरे जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. ती गाडी त्यांनी कधी चालवली नाही. शेवटी शेवटी तर चमचाही वहिनी धरत. पण त्यांची आठवण निघाली की मला ते आजारपण आठवत नाही. मला जिन्याखालची एक दुपार आठवते.

इंजिन खाली नेऊन सांगाड्यात बसवलं होतं. टाकी गंजून चाळण झालेली, म्हणून शेजारच्या दवाखान्यातून सलाईनची रिकामी बाटली आणून पेट्रोल भरून हँडलला टांगली होती आणि तिची नळी इंजिनाला जोडली होती. क्लासची मुलं जिन्यावर उभी राहून बघत होती. एक जण म्हणाला, "अंकल, मी किक मारू?" निजसुऱ्यांनी नुसतं त्याच्याकडे बघितलं.

त्यांचा पायही आता आखडत असे. पहिल्या किकेला काही नाही. दुसऱ्या वेळी तोल गेला, मी आणि वहिनींनी सावरलं. तिसऱ्याला इंजिन खोकलं. मग त्यांनी पुन्हा पाय उचलला, सगळं अंग त्यावर टाकलं, आणि ते सुरू झालं. काय आवाज होता! जिना हलला, वरच्या खिडक्या उघडल्या, मुलांनी टाळ्या वाजवल्या. जुनी इंग्लिश गाडी, एकच सिलिंडर. चालू झाली की नुसती जागच्या जागी नाचते. हँडल थरथरत होतं, दिवा थरथरत होता, टांगलेली बाटली थरथरत होती. निजसुऱ्यांनी उजवा हात हँडलवर ठेवला होता. आणि तो हात सगळ्यांसारखाच थरथरत होता. वेगळा काढून दाखवताच येईना. मी बघत राहिले, मला तो आजार कुठे दिसेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही ते कळलं होतं.

वहिनी म्हणाल्या, "बंद करा आता, तापेल." त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. मुलं कंटाळून क्लासला गेली. ते तसेच उभे होते, ताठ, ऑफिसात उभे राहत तसे. बाटलीतलं पेट्रोल खाली खाली जात होतं. मग नळी कोरडी झाली, इंजिन अडखळलं आणि थांबलं. हँडल थांबलं, दिवा थांबला, बाटली थांबली.

निजसुऱ्यांनी हाताकडे बघितलं नाही. समोर बघत म्हणाले, "गायकवाड, अजून पेट्रोल आणा. धावत जा."